हिस्टरी पुसणारी बाई

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "मग खूप वाचलं असेल ना तुम्ही?" खरं सांगायचं तर मी वाचलं त्यापेक्षा पुसलं जास्त. अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी त्यांना हेच म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "मग पुसण्याचंच लिहा."

आमचं वाचनालय सुरतेत, पर्वत पाटियाच्या पुढे, साडी मार्केटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. खाली साड्यांना फॉल-बिडिंग करून देणारी दुकानं आहेत, त्यामुळे दिवसभर शिलाई मशिनची घरघर चालू असते. खानदेशातून आलेल्या मंडळींनी वर्गणी काढून ते उभं केलं. वर गेलं की मराठी पुस्तकांची कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि काचेच्या दारामागे सहा कॉम्प्युटर. या सहा कॉम्प्युटरची मी बाई. मराठी लोक मला पुष्पाताई म्हणायचे, गुजराती लोक पुष्पाबेन. चार महिन्यांपूर्वी मी निवृत्त झाले.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इंटरनेटवर तुम्ही जिथे जिथे जाता, त्याची कॉम्प्युटर यादी ठेवतो. तिला हिस्टरी म्हणतात. घरच्या कॉम्प्युटरवर ती असली तर फारसं बिघडत नाही. पण वाचनालयाच्या खुर्चीवर सकाळी एक जण बसतो, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. मूळव्याधीवर औषध शोधणारा उठून गेला आणि त्याच खुर्चीत त्याचा शेजारी येऊन बसला, तर शेजाऱ्याला ते दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक जण उठला की मी जाऊन हिस्टरी पुसायची. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट अशी तीन बटणं एकदम दाबली की एक चौकट उघडते. काय काय पुसायचं त्यापुढे खूण करायची आणि हो म्हणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण त्यातही एक मेख होती. स्क्रीनच्या वरच्या बाजूला मी एक पट्टी करून ठेवली होती. परीक्षांचे फॉर्म, निकाल, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, मराठी वर्तमानपत्रं, शब्दकोश, अशा रोज लागणाऱ्या जागांचे शॉर्टकट. ज्याला पत्ता टाईप करता येत नाही त्याने फक्त तिथे बोट ठेवावं, म्हणजे माऊसने टिचकी मारावी, की ती जागा उघडली. हे शॉर्टकट जायला नकोत आणि माणसाच्या पावलांच्या खुणा मात्र राहायला नकोत. पहिल्या वर्षी मला हे दोन्ही एकच वाटायचं. पुसायची भीती वाटायची.

माझी भीती गेली ती रेखाबेनमुळे. रेखाबेन खालच्या दुकानात ब्लाऊज शिवायची. तिने स्वतःचा जुना लॅपटॉप आणला, फार हळू चालतो म्हणून. मी हिस्टरी पुसून दिली. तिने लॅपटॉप उघडला आणि किंचाळली, "बेन, मारुं बधुं गयुं!" तिच्या गळ्यांच्या डिझाईनची सगळी पानं गेली होती. नवीन पान उघडलं की मधोमध जी छोटी छोटी चौकोनी चित्रं दिसतात, ती तिला साठवून ठेवल्यासारखी वाटत. ती तशी नसतात. तुम्ही जिथे वारंवार जाता त्या जागा कॉम्प्युटर आपणहून तिथे मांडतो, हिस्टरी बघून. हिस्टरी गेली की तीही जातात. तुम्ही स्वतः पत्त्याशेजारची चांदणी, म्हणजे तारा, दाबून ठेवलेलं मात्र राहतं. हे मला त्या दिवशी कळलं, रेखाबेनचं नुकसान करून. दोन दिवस तिच्याशेजारी बसून आम्ही एकेक पान पुन्हा शोधलं आणि प्रत्येकावर तारा दाबला. तिसऱ्या दिवशी तिने मला घरून खमण आणलं, तेव्हा माफी मिळाली असं मी धरलं.

पुढे मी या कामात तरबेज झाले. ज्यांना ते आवडायचं नाही असेही लोक आले. एक गृहस्थ चांगले शिकलेले, हातात पिशवी घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "काल माझी मुलगी तीन नंबरवर बसली होती. तिनं काय बघितलं ते जरा सांगा."

"पुसलं," मी म्हटलं.

"परत आणता येत असेल की."

"मला येत नाही."

"तुम्ही कॉम्प्युटरच्या बाई ना?"

"म्हणूनच पुसलं," मी म्हटलं. ते पिशवी घेऊन गेले. मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

पण मला सांगायची आहे ती लोटन मास्तरांची गोष्ट. त्यात माझी चूक आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत एका साड्या रंगवणाऱ्या कारखान्यात ते कलर मास्तर होते. कुठला रंग किती घ्यायचा, कशात मिसळायचा, कापडावर तो नेमका कसा उतरेल, हे सांगणारा माणूस. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. नखांच्या कडांना कायम कुठला तरी रंग. कधी राणी, कधी मोरपंखी. कारखान्यात त्या आठवड्यात कुठली छटा चालू आहे ते त्यांच्या नखांवरून कळायचं.

ते सुट्टीच्या दिवशी सचिनहून दोन रिक्षा बदलून यायचे. इतक्या लांब का येतात, हा प्रश्न मला पडला होता. येऊन वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसायचे. पेपर नीट धरायचे, चष्माही होता. पण पानं उलटायची गती एकसारखी होती. बातमीचं पान जेवढा वेळ, जाहिरातीचं पानही तेवढाच वेळ. इतकी वर्षं वाचणाऱ्यांना बघत बसल्यावर असलं लक्षात येतं.

एक दिवस ते काचेच्या दारापाशी आले. "ताई, कॉम्प्युटरशी बोललं तर तो ऐकतो म्हणे?"

"ऐकतो. कानाला हे लावा, या माइकच्या चित्रावर टिचकी मारा आणि बोला."

मी त्यांना चार नंबरवर बसवलं. कोपऱ्यातला तो. मी बाजूला होईपर्यंत ते बोलले नाहीत. अर्ध्या तासाने गेले. मी पुसायला गेले तर शोधाच्या चौकटीत त्यांचं वाक्य तसंच होतं. कॉम्प्युटरने ऐकलं तसं लिहिलेलं: पन्नास वर्षांच्या माणसाला वाचायला शिकता येतं का.

मी पुसून टाकलं.

पुढच्या सुट्टीला ते पुन्हा आले. चार नंबरवर बसून बराच वेळ काही शोधत राहिले, मग उठून माझ्याकडे आले. वैतागलेले होते.

"मागच्या वेळचं कुठं गेलं? एक बाई होती. हिरवी साडी. फळ्यावर शिकवत होती. आज दुसरंच काहीतरी येतंय."

"मी पुसलं, मास्तर. सगळ्यांचंच पुसते."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही बघितलं."

"बघितलं नाही म्हटलं तर खोटं होईल."

त्यांनी मागे वळून बघितलं. टेबलाशी दोन म्हातारे पेपरात डोकं घालून बसले होते. मास्तरांनी आवाज खाली आणला आणि घरातल्या अहिराणीवर आले. "ताई, माले वाचता येस नही."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि हळूहळू सगळं बोलले. गावी शाळेत दोन वर्षं गेले असतील नसतील, त्यातलं काही राहिलं नाही. सुरतला आले ते रंगाच्या पिंपांत हात घालायला. डोळा चांगला होता, म्हणून मास्तर झाले. आकडे कळत, वजनकाटा वाचता येत होता. नाव लिहायला शिकले होते, म्हणजे चित्रासारखं काढायला. रंगांची नावं वहीत लिहायला एक जोडीदार असायचा. पिंपं मास्तर झाकणावरच्या डागांवरून ओळखायचे. आता कारखान्यात कॉम्प्युटर बसणार होता. स्क्रीनवर इंग्रजीत रंगाचं नाव येणार, मास्तरांनी ते पिंप शोधून वजन करायचं. आणि पिंपं नवीन येणार होती, सगळी एकसारखी निळी, झाकण बंद, वर फक्त चिठ्ठी.

"दिवाळीनंतर चालू होणार," ते म्हणाले. "जोडीदार निवृत्त होऊन गावी गेला. मी काय करू?"

"घरी कुणाला विचारलं?"

"घरी मी सातवी पास आहे," ते म्हणाले.

बायको, मुलगा, सून, नाती, सगळ्यांना हेच ठाऊक होतं. लग्न जमताना कुणीतरी सांगून टाकलेलं आणि पुढे ते कुणी खोडलं नाही. मोबाईल घरात नातींच्या हातात असायचा. त्यावर काही शोधायची सोय नव्हती. म्हणून दोन रिक्षा.

आता माझ्यासमोर प्रश्न होता. मास्तरांचं काहीही कॉम्प्युटरवर राहायला नको होतं, आणि त्यांची शिकवणी मात्र राहायला हवी होती, दर वेळी नव्याने सापडणार नाही अशी. ते काम मला येत होतं. आम्ही दोघांनी बसून फळ्यावर इंग्रजी अक्षरं शिकवणाऱ्या त्या हिरव्या साडीच्या बाई शोधून काढल्या. मी तारा दाबला. शॉर्टकटला आपोआप नाव येतं, ते खोडून टाकलं. नाव नसलं की नुसतं छोटं चित्र राहतं. त्या बाईंच्या पानाचं चित्र पिवळी पेन्सिल होतं. वरच्या पट्टीत अगदी शेवटी, वीजबिलाच्या पुढे, फक्त एक पिवळी पेन्सिल.

"ही तुमची," मी म्हटलं. "मी रोज सगळं पुसते. ही राहील."

"आणि दुसऱ्या कुणी दाबली तर?"

"तर त्याला लहान मुलांचा फळा दिसेल. तुम्ही दिसणार नाही."

असं पाच-सहा महिने चाललं. मास्तर येत, कानाला हेडफोन लावत, पेन्सिल दाबत. ओठ हलत. खिशात एक लहान वही असायची, तिच्यात अक्षरं काढत. रंगाच्या माणसाला अक्षराचा आकार पटकन लक्षात राहतो असं मला दिसलं. पण बी आणि डी त्यांना छळायचे. एकदा म्हणाले, "एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत, पोट कुठल्या बाजूला तेवढाच फरक." ते उठले की मी लगेच पुसायची. कधी चुकवलं नाही.

एकदा चुकवलं.

एका भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. जिन्यापर्यंत रांग. मास्तर सकाळीच येऊन बसून गेले होते आणि नेहमीप्रमाणे बाहेर टेबलाशी पेपर घेऊन बसले होते. मी गडबडीत होते. चार नंबर बराच वेळ न पुसताच राहिला. दुपारी आठवलं तेव्हा धावत जाऊन तीन बटणं दाबली, हो म्हटलं, परत काऊंटरवर आले. त्या चौकटीत वर एक ओळ असते: किती वेळाचं पुसायचं. नेहमी मी तिथे सुरुवातीपासूनचं निवडायची. त्या दिवशी बघितलंच नाही. तिथे शेवटचा एक तास होता. मास्तर उठून दोन तास झाले होते.

चार नंबरवर सोनवणे येऊन बसले. कापड दलाल, मोठा आवाज, वाचनालयाच्या अध्यक्षांचे मित्र. त्यांना पंचांग बघायचं होतं. त्यांनी 'प' टाईप केला आणि कॉम्प्युटरने खाली आधीचं वाक्य काढून दिलं. सोनवणे त्यावर टिचकी मारून मोठ्याने वाचायला लागले.

"पन्नास वर्षांचा माणूस इंग्रजी वाचायला किती दिवसांत शिकतो! अरे, हे कोण आहे? आणि हे बघा, ए फॉर ॲपल! बी फॉर बॉल!" ते खो-खो हसले. "पुष्पाताई, वाचनालयात बालवाडी काढली का?"

टेबलाशी बसलेले सगळे मागे वळले. मास्तरही वळले. त्यांच्या हातातला पेपर खाली आला होता. मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांनीच बघितलं असतं. मी बघितलं नाही.

"माझं आहे ते," मी म्हटलं.

सोनवण्यांचं हसू थांबेना. "तुमचं? तुम्हाला इंग्रजी येत नाही?"

"शिकतेय," मी म्हटलं, त्यांच्या खांद्यावरून हात घालून तीन बटणं दाबली आणि या वेळी वरची ओळ नीट बघून सगळं पुसलं.

मान वर केली तेव्हा मास्तरांची खुर्ची रिकामी होती. पेपर घडी घालून ठेवलेला.

दोन दिवसांत मला समितीपुढे बोलावलं. अध्यक्ष आप्पा तसे भले गृहस्थ, पण वाचनालयाची अब्रू म्हणजे स्वतःची अब्रू समजायचे. ते म्हणाले, "पुष्पाताई, लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? कॉम्प्युटरच्या बाईला एबीसीडी येत नाही म्हणे. आम्ही तुमचा दाखला बघून तुम्हाला कामावर ठेवलं होतं."

सोनवणे तिथे होतेच. ते म्हणाले, "वाचून दाखवा म्हणावं काहीतरी."

जवळ इंग्रजी असं काही नव्हतं. मग त्यांनी भिंतीवरचा आग विझवायचं लाल नळकांडं दाखवलं. त्यावर बारीक अक्षरांत सूचना होत्या. मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पिन ओढा, नळी धरा, आगीच्या बुडाशी मारा, मुदत कधी संपते. मुदत संपून गेली होती, तेही वाचून दाखवलं.

आप्पा म्हणाले, "हे तर फाडफाड वाचलंत. मग ते शोधत कोण होतं?"

"ते मी सांगणार नाही."

"समितीला सांगणार नाही?"

"आप्पा, समितीला सांगितलं तर उद्या कुणी त्या खुर्चीत बसणार नाही. तुमच्या घरचं कुणी बसलं होतं का, असं मला कुणी विचारलं तरी मी हेच उत्तर देईन."

आप्पांनी एकदम माझ्याकडे बघितलं. त्यांच्या घरचं कुणी बसलं होतं की नाही ते मी आजही लिहिणार नाही.

शेवटी असं ठरलं की मी वाचकांसमोर खोटं बोलले म्हणून मला लेखी ताकीद द्यायची. मी म्हटलं, "द्या. पण त्यात खरी चूक लिहा. मी कॉम्प्युटर नीट पुसला नाही. माझी चूक ती आहे." त्यांनी दोन्ही लिहिलं. मी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी काचेच्या दारावर पाटी लावली, की इथे प्रत्येक वाचकानंतर हिस्टरी पुसली जाते आणि कुणाचंही पाहिलेलं कुणालाही सांगितलं जात नाही. पाटीवर मी समितीचा शिक्का मारला. आप्पा बघून गेले, काढा म्हणाले नाहीत.

मास्तर आले नाहीत. एक सुट्टी गेली, दोन गेल्या, तीन गेल्या. दिवाळी जवळ येत होती. मला जेवण गोड लागेना. माणूस इतक्या वर्षांनी हिंमत करून एका खुर्चीत बसला आणि माझ्या अर्ध्या मिनिटाच्या घाईने उठून गेला.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी सचिनला गेले. कारखान्याचं नाव त्यांनी बोलता बोलता सांगितलेलं होतं. दुपारची पाळी सुटायची वेळ होती. फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथे उभी राहिले. मास्तर बाहेर आले तर मला बघून जागीच थांबले. मग टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली आणि दोन चहा आले.

"तुम्ही तुमच्यावर कसाले घेतलं?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी होती म्हणून."

"तुम्हाला पत्र दिलं म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सुरतेत कापडाची आणि बातमीची ने-आण एकाच टेम्पोतून होते," ते म्हणाले. पण हसले नाहीत. हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. "मी उठलो होतो, ताई. माझं आहे म्हणायलाच उठलो होतो. पाय दाराकडे गेले."

मी पेला खाली ठेवला. मग जे येत होतं तेच बोलले. "मास्तर, तुमचा धडा कुठपर्यंत आला होता?"

"आर."

"मी सगळं पुसलंय. पेन्सिल तशीच आहे. आरच्या पुढची अक्षरंही तिथंच आहेत."

त्यांनी चहा संपवला, मला रिक्षात बसवून दिलं आणि येतो किंवा येत नाही, काहीच म्हणाले नाहीत. पुढच्या सुट्टीला मी वाचनालयाचं कुलूप उघडायला गेले तर ते जिन्यात उभे होते.

उरलेले दिवस थोडे होते. मी त्यांना अक्षरांवरून सरळ कामावर नेलं. त्यांनी कारखान्यातल्या चिठ्ठ्यांवरची नावं वहीत उतरवून आणायची, चित्रासारखी का होईना, आणि आम्ही ती फोडून वाचायची. रंगांची नावं विचित्र असतात. लाल, निळा याच्या पुढे आकडा आणि मग दोन-तीन अक्षरं. सगळा जीव त्या शेवटच्या अक्षरांत, छटा त्यांवरूनच कळते.

दिवाळीनंतर कारखान्यात कॉम्प्युटर चालू झाला. मी फोनची वाट बघत होते असं म्हणणार नाही, पण फोन हाताशी ठेवत होते. पंधरा-वीस दिवसांनी आला. मास्तर पाळी संपवून बोलत होते. त्या दिवशी साहेबाने घाईघाईत एक पिंप पुढे ढकललं, हे घ्या म्हणाला. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, स्क्रीन वाचला आणि म्हणाले, "साहेब, शेवटचं अक्षर वेगळं आहे." साहेबाने चष्मा लावून बघितलं. खरंच वेगळं होतं. तो रंग पडला असता तर मरून रंगाच्या साड्यांचा सगळा घाणा किरमिजी झाला असता.

"साहेब म्हणाला, मास्तर, तुमची नजर भारी," मास्तर फोनवर सांगत होते. "मी म्हटलं, नजर नाही साहेब. वाचलं."

मी काऊंटरवर उभी होते. समोर एक बाई पुस्तक बदलायला आली होती. तिला मी दोन मिनिटं तिष्ठत ठेवलं.

मला वाटलं होतं, काम झालं, आता ते यायचे नाहीत. पण जानेवारीत आले आणि म्हणाले, "ताई, आता मराठी. इंग्रजी पोटासाठी झालं." मग पट्टीत पेन्सिलीशेजारी आणखी एक चित्र आलं. मराठी भराभर झालं. ज्या भाषेत माणूस बोलतो तिची अक्षरं जुळली की शब्द आपोआप तोंडात येतो. मात्रा आणि जोडाक्षरांनी थोडं अडवलं, तेवढंच.

उन्हाळ्याच्या सुमारास ते म्हणाले, "मला पुस्तक द्या."

मी त्यांना सभासद करून घेतलं. मग कपाटांसमोर उभी राहिले आणि खरंच अडले. आयुष्यातलं पहिलं पुस्तक द्यायचं होतं. मी मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं काढली. त्यांनी चाळली आणि परत दिली. "हे पोरांचं. गावी जाऊन शेळ्या ठेवायच्या मनात आहे. त्याचं आहे का काही?"

होतं. शेळीपालनावरचं एक पातळ पुस्तक, मागच्या कपाटात. कुणी देणगीत दिलेलं. मी त्याची नोंद केली, आणि मास्तर ते पिशवीत नीट उभं ठेवून घेऊन गेले.

तीन आठवड्यांनी परत आले. पुस्तकात एका पानावर कागदाची चिठ्ठी घातलेली होती. काऊंटरवर त्यांनी ते पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नखाला शेंदरी रंग होता.

"हे वाचा."

मी वाचलं. "शेळ्यांना भर उन्हात बांधू नये."

"नीट वाचा."

मी नीट बघितलं. छापलं होतं: बांधू नेय. इतकी वर्षं ते पुस्तक आमच्याकडे होतं, पाच-पन्नास लोकांनी नेलं असेल. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आम्ही सगळे नजरेने पुढे सरकून गेलो होतो.

"तीन दिवस या शब्दावर होतो," मास्तर म्हणाले. "नेय. नेय म्हणजे काय? म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय, मात्रा विसरलो असेन. झोप नाही लागली. मग मुलाला विचारलं."

मी पुस्तकावरून मान वर केली. "मुलाला विचारलंत?"

"हो. त्याला म्हटलं, मी आता आता शिकलोय, मला हा शब्द कळत नाही, सांग. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पुस्तक हातात घेतलं, दिव्याजवळ धरलं, दोनदा वाचलं." मास्तरांनी बोट अजून त्या ओळीवरून उचललं नव्हतं. "आणि म्हणाला, बाबा, तुमचं बरोबर आहे. छापणाऱ्याची चूक आहे."